गुलबक्षीचा धडा आणि गुलबक्षीचे फूल

आनुवंशिकतेच्या प्रकरणात मेंडेलच्या वाटाण्यानंतर बहुधा गुलबक्षीची पाळी येते. लाल फुलांच्या आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला की पहिल्या पिढीत सर्व फुले गुलाबी येतात. त्यांच्यात स्वपरागण होऊ दिले की दुसऱ्या पिढीत एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरे असे प्रमाण मिळते. शेजारी चार चौकटींची आकृती असते. उच्च माध्यमिक वर्गांच्या अनेक पुस्तकांत वर्षानुवर्षे छापली जाणारी ही आकृती आपल्यापैकी बहुतेकांनी फळ्यावर काढलेली आहे. आज आम्ही तिचेच परीक्षण करणार आहोत.

प्रथम तिचे गुण सांगितले पाहिजेत. गुलाबी फूल पाहून मुलांना वाटते की दोन रंग दुधात साखर मिसळावी तसे मिसळले. तसे असते, तर लाल आणि पांढरा रंग पुन्हा कधीच वेगळे झाले नसते. दुसऱ्या पिढीत ते जसेच्या तसे परत येतात, म्हणजे जनुके मिसळत नाहीत, फक्त त्यांचा परिणाम मधला दिसतो. इतकी मोठी गोष्ट चार चौकटींत सांगणारे उदाहरण सहसा सापडत नाही. मेंडेलचे काम 1900 साली पुन्हा उजेडात आणणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांपैकी कार्ल कॉरेन्स हे एक. त्यांनीच गुलबक्षीवर हे प्रयोग केले.

आता आक्षेप. समजा, हा धडा झाल्यावर दुसऱ्या दिवशी एखादी मुलगी परसातले फूल घेऊन वर्गात आली. ते अर्धे पिवळे आणि अर्धे राणी रंगाचे आहे. त्याच झाडावर पूर्ण पिवळी फुले आहेत आणि लाल ठिपके उडालेलीही आहेत. चौकटींच्या आकृतीत या फुलाला जागा नाही. अशा वेळी "हे अपवादात्मक आहे, परीक्षेला येत नाही," असे उत्तर दिले जाते. आमच्या मते धड्याचे खरे अपयश इथे आहे. मुलीचे निरीक्षण बरोबर असते आणि तरीही तिची समजूत अशी होते की विज्ञान पुस्तकात असते, परसात नसते.

पुस्तक कुठे कमी पडते ते क्रमाने पाहू. पहिली चूक साधी आहे. "गुलबक्षीच्या पाकळ्या लाल असतात," असे वाक्य पुस्तकात येते, पण गुलबक्षीला पाकळ्या नसतात. जो रंगीत कर्णा आपण पाहतो तो निदलांचा आहे आणि त्याखालची हिरवी वाटी छदांची आहे. फूल हाताळणारा विद्यार्थी हे पाच मिनिटांत शिकू शकतो.

दुसरी उणीव रंगांची. धड्यात लाल, गुलाबी आणि पांढरा एवढेच रंग आहेत. आपल्या अंगणात मात्र पिवळी गुलबक्षी सर्रास दिसते. हा रंग एकापेक्षा अधिक जनुकांवर अवलंबून असतो. उदाहरण सोपे करण्यासाठी पिवळा वगळायला आमची हरकत नाही, पण वगळल्याचे एका वाक्यात सांगायला हवे.

तिसरी उणीव रसायनाची. गुलबक्षी आणि स्नॅपड्रॅगन या दोघांची नावे एका ओळीत येतात आणि विद्यार्थी दोन्हींचे रंगद्रव्य एकच समजतो. स्नॅपड्रॅगनचा लाल रंग अँथोसायनिनचा असतो. गुलबक्षीचा रंग बीटालेन वर्गातल्या द्रव्यांचा, म्हणजे बीट आणि बोगनवेलीच्या घराण्यातला. ही दोन्ही द्रव्ये एकाच वनस्पतीत आजवर आढळलेली नाहीत. वर्गात जास्वंदीचा आणि बीटचा रस घेऊन दोन्हींत खाण्याचा सोडा घालावा. जास्वंदीचा रस हिरवट होतो, बीटचा फारसा बदलत नाही. मग गुलबक्षीच्या गडद फुलांच्या रसाचे काय होते, ते मुलांनीच नोंदवावे.

आता त्या दुरंगी फुलाकडे वळू. बागकाम करणारे लोक अशा वेळी शेजारच्या झाडाच्या परागाला दोष देतात. पाश्चात्त्य बागांत आयरिसच्या फुलांवर वेडेवाकडे पट्टे उमटले की तिथेही हाच तर्क ऐकू येतो. हा तर्क टिकत नाही. फुलाचा रंगीत भाग परागण होण्याआधीच कळीत तयार झालेला असतो. परक्या परागाचा परिणाम बीजातून उगवणाऱ्या पुढच्या रोपाच्या फुलांत दिसेल, याच फुलात नाही.

खरे कारण फुलाच्या पेशींतच आहे. गुलबक्षीत पिवळे आणि लाल ही दोन्ही द्रव्ये बेटालॅमिक आम्लापासून बनतात. लाल द्रव्यासाठी एक विशिष्ट विकर लागते. ते नसेल तर पिवळ्यावरच काम थांबते. 2014 साली जपानी संशोधकांनी या विकराचे जनुक तपासले. पिवळ्या फुलांत त्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसलेला आढळला. हा तुकडा आपली जागा सोडू शकतो. वाढत्या कळीतल्या एखाद्या पेशीत तो निघून गेला की जनुक पुन्हा काम करू लागते आणि त्या पेशीच्या सर्व वंशज पेशी लाल होतात. तो लवकर निघाला तर मोठा पट्टा उमटतो, उशिरा निघाला तर बारीक ठिपका. म्हणजे ठिपक्याच्या आकारावरून घटना कळीच्या वाढीत केव्हा घडली याचा अंदाज बांधता येतो. असे फिरते जनुकीय घटक बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून 1940 च्या दशकात ओळखले होते. त्यांना नोबेल पारितोषिक मिळायला 1983 साल उजाडले.

आणखी एक गंमत आहे. त्याच पुस्तकात काही पानांनंतर गुलबक्षी पुन्हा भेटते, ती पेशीद्रव्यातील आनुवंशिकतेच्या प्रकरणात. कॉरेन्स यांनीच 1909 साली दाखवले की कबऱ्या पानांच्या गुलबक्षीत हिरव्या फांदीवरच्या बियांपासून हिरवी रोपे येतात, पांढऱ्या फांदीवरच्या बियांपासून पांढरी आणि कबऱ्या फांदीवरच्या बियांपासून तिन्ही प्रकारची. पराग कोणत्या फांदीचा होता याने फरक पडत नाही, कारण हरितलवके मातेकडूनच येतात. एकच झाड, एकच संशोधक आणि दोन वेगळे नियम, पण पुस्तक ही दोन पाने एकमेकांना जोडत नाही. फुलावरचे ठिपके आणि पानांवरचे ठिपके दिसायला सारखे, कारणे मात्र निराळी. परीक्षेला यापेक्षा चांगला प्रश्न कोणता असेल?

शिक्षकांनी काय करावे? पावसाळ्याच्या सुरुवातीला शाळेच्या कुंपणालगत गुलबक्षी लावावी. फूल दुपारनंतर उमलते आणि सकाळी मिटते, म्हणून संकर करायचा असल्यास उमलण्याआधी दुपारीच परागकोश काढून टाकावे लागतात. एका फुलातून एकच बी मिळते. त्यामुळे एक, दोन, एक हे प्रमाण पाहायचे तर अनेक फुलांच्या बिया गोळा कराव्या लागतील आणि चार रोपांत ते प्रमाण दिसेलच असे नाही, हेही मुलांना कळेल. बिया विषारी असतात, त्या तोंडात घालू नयेत अशी ताकीद द्यावी. एकाच झाडावरच्या रंगांची रोज संध्याकाळी नोंद ठेवली, तरी वर्षभराचा प्रकल्प होईल.

चौकटींची आकृती पुस्तकातून काढून टाका, असे आमचे म्हणणे नाही. ती राहावी, पण तिच्याखाली एक ओळ छापावी: "तुमच्या परसातली गुलबक्षी याहून वेगळी दिसली, तर ती वर्गात घेऊन या." लिनियसने या वनस्पतीला दिलेल्या मिराबिलिस या नावाचा अर्थच नवलाची असा आहे. ते नवल मुलांपर्यंत पोचू देणे आपल्या हाती आहे.