काळी, पांढरी आणि मंगळ : ‘पृथ्वीकरण’ या संज्ञेची चिकित्सा

परग्रहाचे हवामान व भूमी पालटून तो मानवी वस्तीस योग्य करणे, या कल्पनेस इंग्रजीत ‘टेराफॉर्मिंग’ म्हणतात. जॅक विल्यमसन या लेखकाने १९४२ साली एका विज्ञानकथेत ही संज्ञा योजिली. १९६१ साली कार्ल सेगन यांनी शुक्राच्या ढगांत शैवाल सोडण्याची सूचना करून या कल्पनेस शास्त्रीय चर्चेत स्थान मिळवून दिले. मराठीत तिला ‘पृथ्वीकरण’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे.

‘शुद्धीकरण’, ‘राष्ट्रीयीकरण’ यांसारखी रूपे संस्कृतातील च्वि-प्रत्ययाच्या धर्तीवर सिद्ध होतात. अभूततद्भाव, म्हणजे पूर्वी जे नव्हते ते होणे, हा या प्रत्ययाचा अर्थ. तो ‘कृ’ धातूप्रमाणेच ‘भू’ धातूच्या योगानेही लागतो. तेव्हा व्याकरणदृष्ट्या ‘पृथ्वीकरण’ जितके शक्य तितकेच ‘पृथ्वीभवन’ही शक्य आहे. मराठीतील ‘वसवणे’ आणि ‘वसणे’ यांतही हाच भेद आहे. परग्रहाविषयीच्या चर्चेत मात्र कर्त्याचा विचार फार होतो, घडण्याचा अल्प.

मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या एक टक्काही नाही. सरासरी तापमान शून्याखाली सुमारे ६० अंश सेल्सिअस आहे. मॅके, टून व कास्टिंग यांनी १९९१ साली मंगळ वस्तीयोग्य करण्याचा पद्धतशीर विचार मांडला. पण कार्बन डायऑक्साइडचा पुरेसा साठा तेथे असणे ही त्याची अट होती. जॅकोस्की व एडवर्ड्‌स यांच्या २०१८ च्या विवेचनानुसार, उपलब्ध साठे मुक्त केले तरी दाब पृथ्वीच्या सुमारे ७ टक्क्यांपलीकडे जाणार नाही. २०२४ साली हवेत धातूंचे सूक्ष्म कण सोडून ग्रह तापवण्याची सूचना पुढे आली. ती साधली तरी उष्णतेचा प्रश्न सुटेल, श्वासाचा व भूमीचा नव्हे.

भूमीचा प्रश्न किती मूलगामी आहे, हे बीड जिल्ह्यातील नेकनूरसारख्या गावाकडे पाहिले असता ध्यानी येते. बालाघाटाच्या पठारावरील हे गाव बेसाल्ट खडकावर वसले आहे. मंगळाचे पृष्ठही बहुतांशी बेसाल्टचेच. म्हणूनच लोणारचे बेसाल्टमधील आघातविवर मंगळाच्या अभ्यासकांना तुलनेसाठी महत्त्वाचे वाटते. खडक एका जातीचा असूनही येथे पाणी, हवा, जीवाणू व वनस्पती यांच्या दीर्घ व्यापाराने त्याची काळी माती झाली. मंगळावरील मातीत मात्र ‘फिनिक्स’ यानास २००८ साली परक्लोरेट हे मानवास अपायकारक क्षार आढळले.

मराठी ग्रामव्यवहारात शेतजमिनीस ‘काळी’ आणि गावठाणास ‘पांढरी’ म्हणतात. पांढरी ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती यांतून साचत जाते. पुराणवस्तुसंशोधक अशा पांढरीच्या टेकाडांवरूनच प्राचीन वसाहतींचा माग काढतात. काळी वस्तीच्या आधी असावी लागते. पांढरी वस्तीमुळे होते. दोन्ही घडतात, त्यांना काळ लागतो, आणि त्यांपैकी एकही केवळ कर्त्याच्या इच्छेने सिद्ध होत नाही. ‘पृथ्वीकरण’ या शब्दात या काळाची नोंदच नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, ओसाड माळ मनुष्याने पूर्वीही वसवले आहेत. तो खरा आहे. परंतु तेथे हवा व गुरुत्व आयते होते, पाऊस कमी का होईना, पडत होता. काळी असूनही केवळ पाण्याच्या तुटीने वस्ती किती डळमळते, हे बीड जिल्ह्यात दिसतेच. तेथील असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी गाव सोडतात. जेथे एका घटकाची उणीव इतकी जाचते, तेथे सर्वच घटकांची उणीव असलेल्या ग्रहाविषयी ‘करण’ हा प्रत्यय जपून वापरला पाहिजे.

तात्पर्य, परग्रहावर बंदिस्त निवारे उभारणे आणि ग्रहाची पृथ्वी करणे ही भिन्न कार्ये होत. पहिल्यास ‘वसाहत’ म्हणणे उचित ठरेल. दुसऱ्यासाठी ‘पृथ्वीभवन’ हा शब्द अधिक प्रामाणिक आहे, कारण मानवाच्या कर्तृत्वाची मर्यादा त्यात उघडपणे मान्य केलेली आहे. दुसरी पृथ्वी करता येते, असे भाषेने गृहीत धरले की पहिलीची काळी राखण्याची निकड मंदावते. संज्ञेच्या चिकित्सेचे प्रयोजन ते हेच.