वाढ म्हणजे प्रसार नव्हे

‘फॅटी लिव्हर असेल तर आतड्याचा कर्करोग यकृतात पसरतो’ अशा आशयाची वाक्ये आरोग्यविषयक सदरांत वाचायला मिळतात. विज्ञान सोपे करून सांगणाऱ्या आमच्यासारख्यांच्या लेखणीतूनही ती उतरतात. या वाक्यामागचे प्रयोग चांगले आहेत. वाक्य मात्र सदोष आहे. ते कसे, हे पाहू.

आतड्यांतून निघालेले रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून जाते. त्यामुळे मोठ्या आतड्यातील गाठीतून सुटलेल्या पेशी बहुधा प्रथम यकृतात अडकतात. पण अडकलेली प्रत्येक पेशी रुजत नाही. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली बी आणि जमिनीची उपमा दिली, ती याचसाठी. बी सगळीकडे पडते, उगवते मात्र अनुकूल जमिनीतच.

चरबी साठलेले यकृत ही बदललेली जमीन. तिचा अभ्यास लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय वैद्यकीय केंद्रातील संशोधकांनी केला व तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी उंदरांना चरबीयुक्त आहार दिला आणि मग आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी त्यांच्या प्लीहेत टोचल्या. चरबीयुक्त यकृतात गाठी अधिक वाढल्या. जिवाणूंची चाहूल लागताच दाह सुरू करणाऱ्या यंत्रणेत एनएलआरसी ४ नावाचे एक प्रथिन असते. ज्या उंदरांत ते नव्हते, त्यांच्यात ही वाढ कमी झाली. रक्षकच गाठीला हातभार लावत होता!

आता आमचे आक्षेप. आतड्यातील गाठीतून पेशी सुटणे, रक्तवाहिनीत शिरणे, ही प्रसाराची पहिली पावले. प्लीहेत टोचलेल्या पेशी ती ओलांडून थेट यकृताच्या वाटेला लागतात. म्हणजे येथे तपासले गेले ते रुजणे आणि वाढणे. संशोधकांनी आपल्या लेखाच्या शीर्षकात ‘वाढ’ हाच शब्द वापरला आहे. त्याचा ‘प्रसार’ करतो तो आपण.

दुसरा आक्षेप माणसांविषयी. रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांत एकवाक्यता नाही. काहींत चरबीयुक्त यकृतात अशा गाठी कमी आढळल्या, तर काहींत जास्त. शिवाय कर्करोगावरील काही औषधांनीही यकृतात चरबी साठते. मग आधी काय आणि नंतर काय, हे वेगळे काढणे सोपे नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये एनएलआरपी ३ या त्याच कुळातील प्रथिनाविषयी लिहिले. ते नसलेल्या उंदरांत यकृतातील गाठी उलट अधिक वाढल्या. कारण कर्कपेशींना मारणाऱ्या ‘नैसर्गिक मारक पेशीं’ना सज्ज करणारा संदेश त्याच्यामुळे मिळतो. प्रथिन निराळे, यकृताची स्थितीही निराळी. म्हणून दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. पण मग ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या सल्ल्याला काय अर्थ उरतो? कोणता भाग वाढवायचा आणि कोणत्या अवयवात? बाजारातील चूर्णे आणि गोळ्या याचे उत्तर देत नाहीत.

पाठ्यपुस्तकांतील सैनिकांची उपमाही येथे तोकडी पडते. सैनिक एकाच बाजूने लढतो. हे प्रथिन सभोवतालच्या परिस्थितीनुसार उपकारक वा अपकारक ठरते. ही उपमा वर्गात वापरायला हरकत नाही. ती कोठे मोडते, तेही त्याच तासाला सांगावे.

फॅटी लिव्हर निरुपद्रवी आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्यातून यकृताचा दाह व काठिण्य उद्भवू शकते. वजन आटोक्यात ठेवणे, नियमित व्यायाम करणे हा सल्ला त्यासाठी पुरेसा सबळ आहे. त्याला कर्करोगाच्या भीतीची जोड नको. आपल्या वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी हे दोन्ही आजार असलेला माणूस असू शकतो. उंदरावरचे अर्धे वाक्य त्याच्यापर्यंत निकाल म्हणून पोहोचू नये, एवढी काळजी लिहिणाऱ्याने आणि शिकवणाऱ्याने घ्यायला हवी.