वाकळीतले प्रक्षेप

कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक पसरून धावदोऱ्याने शिवलेले हे पांघरूण आता दुकानांत आणि प्रदर्शनांत पोहोचले आहे. त्याबरोबर एक नवा प्रकारही रूढ होतो आहे. विरलेल्या वाकळीतले धड चौकोन उसवून घ्यायचे आणि भोवती इरकलीसारखे, खणासारखे दिसणारे नवे कापड जोडून ‘जुनी’ वाकळ उभी करायची. या प्रकाराचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे?

जुन्यानव्याची सरमिसळ हाच दोष, असे मानणारा शुद्धतावाद टिकत नाही. वाकळ कधीच एका काळाची नसते. वरचे लुगडे विरले की त्यावर दुसरे घालून पुन्हा टाके पडतात. लुगडे मध्येच फाटले, तर तो भाग काढून उरलेले तुकडे जोडत. त्या शिवणीला ‘दांड’ असा खास शब्दच आहे. सांधणे हेच या कलेचे व्याकरण.

म्हणून खरा प्रश्न सांधा दाखवला की लपवला, हा आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलच्या हातमागावर लुगड्याच्या अंगाचा आणि पदराचा ताणा वेगळा असतो; दोन्ही फासे घालून एकमेकांत अडकवतात. छापील पॉलिस्टरच्या नकलेत हा सांधा नसतोच. त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या खणाचीही अशीच गत. नक्कल नक्षी घेते, रचना सोडून देते.

आपल्या वाङ्मयाला हा पेच नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढच्यांनी त्यात आपली ओवी घुसडू नये, असे बजावले. ओवी रचायला त्यांची हरकत नव्हती. ती ज्ञानदेवांची म्हणून खपवायला होती. वयस्कर दिसावे म्हणून जोडलेला नवा तुकडा हा असाच प्रक्षेप.

अमेरिकेत जुन्या छापांची कापडे मुद्दाम नव्याने काढतात आणि गोधडीकार ती उघडपणे वापरतात. तिथल्या व्हरमाँटमधील जेन स्टिकलने आपल्या १६९ चौकोनांच्या गोधडीवर ‘युद्धकाळात, १८६३’, ५६०२ तुकडे आणि स्वतःचे नाव शिवून ठेवले. आज तिची हुबेहूब प्रतिकृती कोणी केली, तरी मूळ कोणते याचा घोळ होत नाही.

आमच्या आज्यांनी कुठे सन घातला, असे कोणी विचारील. त्यांना गरज नव्हती. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे घराला ठाऊक असे. वाकळ विकायला घराबाहेर पडली की ती आठवण मागे राहते. ज्या बायकांच्या हातची ओळसुद्धा कागदावर नाही, त्यांचा हा एकच दस्तऐवज. त्यात भर घालणाऱ्याने तरी सही करावी.

कापडाचेही काही म्हणणे असते. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, जुने आटून चुकलेले असते. न धुता जोडले, तर सगळा ताण जुन्या धाग्यावर येतो आणि टाक्यालगत चीर पडते. त्यामुळे नवे कापड आधी धुऊन खळ काढावी. विरलेल्या तुकड्यामागे मऊ सुती अस्तर द्यावे. पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुताला कापतो, तो टाळावा. जुन्याची ताकद ओळखणे हाही त्याचा मान ठेवणेच.

अशा वाकळीला माझे मागणे एवढेच: पाठीमागच्या कोपऱ्यात जोडणारीचे नाव, साल आणि नवे तुकडे कोणते, हे दोऱ्याने लिहावे. एवढे असले, तर ती आजीइतकीच नातीचीही वाकळ ठरेल. नसले, तर विकत घेणाऱ्याबरोबर आजीचीही फसवणूक होईल.