तोरू दत्तची फ्रेंच : नीसची शाळा आणि तिच्यानंतर

तोरू दत्तविषयी लिहिताना आपल्याकडे प्रथम आश्चर्य व्यक्त होते आणि बहुधा तेथेच समीक्षा थांबते. १८५६ मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या आणि १८७७ मध्ये एकविसाव्या वर्षी मृत्यू पावलेल्या या मुलीने इंग्रजीत काव्य रचले, फ्रेंच कवींची भाषांतरे केली आणि एक कादंबरी थेट फ्रेंचमध्ये लिहिली, हे नवलाचे खरेच. परंतु नवल हा काही वाङ्मयीन निकष नव्हे. ही भाषा तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने आली आणि त्या वाटेच्या खुणा तिच्या लेखनात कोठे उरल्या, हे पाहिले पाहिजे.

१८६९ मध्ये गोविनचंदर दत्त पत्नी व दोन मुलींना घेऊन युरोपला निघाले. मुलगा अब्जू चार वर्षांपूर्वी वारला होता. दक्षिण फ्रान्समधील नीस येथे तेरा वर्षांची तोरू आणि तिची थोरली बहीण अरू मुलींच्या एका शाळेत जाऊ लागल्या. तोपर्यंतचे त्यांचे सारे शिक्षण घरातच झालेले होते. नीसची शाळा ही त्यांच्या आयुष्यातील एकमेव शाळा, आणि तीही काही महिन्यांचीच. नीस शहर स्वतःच १८६०च्या तहाने फ्रान्सकडे आलेले. तेथील पुष्कळ लोकांची घरची बोली निराळी होती. म्हणजे या दोघी ज्या भाषेच्या शिकवणीला बसल्या, ती त्या गावालाही अंशतः शिकूनच घ्यावी लागत होती!

इंग्रजी दत्तांच्या घरात आधीच नांदत होती. वडील, चुलते इंग्रजीत कविता करीत. १८६२ मध्ये कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर प्रार्थनेचीही भाषा तीच झाली. तोरूला ती वारशाने मिळाली, आणि त्या वारशामागे राज्यकर्त्यांची सत्ता उभी होती. फ्रेंचचे तसे नव्हते. ती घराबाहेर पडून, परक्या मुलींच्या शेजारी बसून मिळवावी लागली. तोरूच्या फ्रेंचप्रेमाचे मूळ माझ्या मते येथे आहे. फ्रेंच वाङ्मयाच्या थोरवीपेक्षाही या मोकळेपणात आहे. पुढे लंडनमध्ये राहत असताना जानेवारी १८७१च्या रोजनिशीत ती पॅरिसच्या दुर्दशेबद्दल हळहळते आणि पराभूत फ्रान्सवर कविता लिहिते, तेव्हा तिची सहानुभूती एखाद्या प्रवाशाची राहिलेली नसते.

केंब्रिजमधील व्याख्याने ऐकून हे कुटुंब १८७३ मध्ये कलकत्त्यास परतले आणि फ्रेंच ही पुन्हा एकांतातील, पुस्तकांची भाषा झाली. १८७६ मध्ये भवानीपूर येथे छापलेला फ्रेंच कवितांच्या भाषांतरांचा संग्रह याच एकांताचे फळ. त्यातील आठ भाषांतरे अरूची. कसलीही प्रस्तावना नसलेले हे गबाळे पुस्तक इंग्लंडमध्ये एडमंड गॉस यांच्या हाती पडले. संग्रहाच्या टिपांमध्ये एके ठिकाणी थक्क करणारी विद्वत्ता, तर दुसरीकडे तितकेच भाबडे अज्ञान दिसते, असे त्यांनी पुढे नोंदविले. हा दोष खरा आहे. पण तो काही महिन्यांच्या शाळेनंतर स्वतःच वाट काढणाऱ्या विद्यार्थिनीचा दोष आहे. क्रमाने शिकविणारा कोणी नव्हता. म्हणून तिने आवडीने वाचले, आणि आवडीच्या वाचनात उंचवटे व खड्डे राहणारच. भाषांतरांची इंग्रजी अधूनमधून अडखळते हेही मान्य केले पाहिजे. गॉस यांच्या मते तोरूची फ्रेंच तिच्या इंग्रजीहून सरस होती.

या आवडीनेच तिला एका अनपेक्षित ठिकाणी नेले. १८७४ मध्ये 'बेंगॉल मॅगझिन'मध्ये तिने लकोंत द लील या कवीवर लेख लिहिला. हा कवी हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर जन्मलेला आणि आपल्या काव्यात संस्कृत वाङ्मयातील विषय हाताळणारा. पुढे ती वडिलांसह संस्कृत शिकू लागली. १८७७ मध्ये प्राचीन भारतातील स्त्रियांवरील क्लॅरिस बादेर यांच्या फ्रेंच ग्रंथाच्या भाषांतराची परवानगी तिने मागितली. तोरू परकीय वाङ्मयातून 'स्वदेशी परतली' असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. मला हे विधान अर्धवट वाटते. ती फ्रेंच सोडून संस्कृतकडे वळली नाही. तिच्या संस्कृतच्या वाटेवर फ्रेंच पुस्तके होती.

उरला प्रश्न कादंबरीचा. 'मादमुआझेल दार्व्हेर'ची रोजनिशी ब्रिटनी प्रांतात घडते आणि तिच्यात भारत नाही, ही तक्रार जुनीच. कथानक भडक आहे: एकाच मुलीवर प्रेम करणारे दोन भाऊ, एकाच्या हातून दुसऱ्याचा खून, वेड, आत्महत्या. यांतील बरेचसे पुस्तकांतून आले असावे असे वाटते. परंतु आरंभ पाहावा. पंधरा वर्षांची मार्गरित मठातील शाळा संपवून घरी निघाली आहे. फ्रेंच जीवनाची जी एक बाजू लेखिकेने आतून पाहिली होती, तेथूनच ती कथेला हात घालते. रोजनिशीचा घाटही तिच्या भाषेला सोयीचा. त्यात वाक्य लहान असले, मुलीच्या तोंडचे असले, तर ते उणे ठरत नाही. शाळेतून घरी परतण्याचा हा आनंद उत्तरार्धातील रक्तपातापेक्षा मला अधिक खरा वाटतो.

ही कादंबरी १८७९ मध्ये पॅरिसला, बादेर यांच्या प्रस्तावनेसह, निघाली. तेव्हा लेखिका हयात नव्हती. तिची कल्पना युरोपातच ठरलेली होती: तोरूने लिहावयाचे आणि अरूने चित्रे काढावयाची. अरू जुलै १८७४ मध्ये गेली. तिने त्यातील एकही पान पाहिले नव्हते.