शिंपटी आणि दही

'श्यामची आई' हे पुस्तक रडवते, असे आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की, ते हाती घेतानाच रुमाल जवळ ठेवण्याची आपली तयारी असते. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि पुस्तक न वाचलेल्यांच्याही डोळ्यांत पाणी उभे राहू लागले. या अश्रूंशी माझे भांडण नाही. माझी तक्रार एवढीच की, त्यांच्या पडद्यामुळे पुस्तकातली एक फार कोरडी, फार व्यवहारी गोष्ट आपल्याला दिसेनाशी झाली. लहान मुलाला वळण कसे लावावे याविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, त्यात या पुस्तकातली काही पाने मला फार मोलाची वाटतात. आणि गंमत अशी की, नेमकी तीच सोडून आपण भलतेच पान पुराव्यादाखल पुढे करतो.

ते पान श्यामच्या पोहण्याचे. पाण्याला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने झोडते आणि विहिरीवर धाडते. पालकांच्या सभेत, शिक्षकांच्या खोलीत, फार काय लग्नाच्या पंगतीतही मी हा दाखला ऐकला आहे: 'श्यामच्या आईनेसुद्धा मारलेच होते की!' हे वाक्य उच्चारले की जणू वादच मिटला. हात उगारणाऱ्या बापाला पुण्यवान साक्षीदार मिळाला.

पण ते प्रकरण पुन्हा सावकाश वाचावे. आई चिडलेली आहे, आणि का चिडली आहे तेही गुरुजी लपवीत नाहीत. आपल्या मुलाला लोक भित्रा म्हणतील, ही लाज तिला सहन होत नाही. म्हणजे त्या घटकेला तिच्या डोळ्यांपुढे श्यामपेक्षा गाव अधिक आहे. मग श्यामची भीती गेली कशाने? शिंपटीने तो विहिरीपर्यंत गेला, एवढेच. भीती गेली ती पाण्यात. सुकड बांधून, पोहणाऱ्या माणसांच्या सोबतीने. घरी परतल्यावर आई त्याला दही देते आणि त्याचा राग काढते. मारल्याची भरपाई दह्याने होते असे मी म्हणणार नाही. तशी ती होत नाही, आणि मार मग गोंजारणे हा क्रम तर अनेक घरांत नुसता खेळ होऊन बसतो. तरी या दह्यात एक गोष्ट आहे: शिक्षा संपली की ती खरोखर संपते. ती संध्याकाळपर्यंत धुमसत राहत नाही, पाहुण्यांपुढे उकरून काढली जात नाही.

आता दुसरे पान पाहा. घरात ज्याने त्याने आपली पत्रावळ लावायची असा शिरस्ता ठरतो. श्यामला ती लावता येत नाही, आणि खरे म्हणजे शिकायची इच्छाही नाही. तेव्हा त्याच्यासाठी पान नाही. श्याम रुसतो, फुरंगटतो. पण नियम काही हलत नाही. शेवटी अक्का त्याची समजूत घालते आणि पत्रावळ लावायला शिकवते. मला हा प्रसंग शिंपटीच्या प्रसंगाहून कितीतरी कठीण वाटतो. मारायला क्षणभराचा आवेश पुरतो; उपाशी बसलेल्या मुलासमोर आवाज न चढवता आपल्या शब्दावर राहायला आईच्या अंगी फार मोठे बळ लागते. आणि अक्काची मदत पाहा: ती नियम चुकवायला नाही, पाळायला आहे. आपल्याकडे आई 'नाही' म्हणते आणि आजी पदराआड लाडू देते. त्यातून मूल फक्त दार कोणते ठोठवावे एवढेच शिकते.

मुक्या कळ्या तोडून आणणाऱ्या श्यामलाही ती मारीत नाही. फूल झाडावर फुलू द्यावे, एवढे समजावते. तळवे मळू नयेत म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी ती आपले लुगडे पसरते आणि मनही असेच जपायला सांगते. आधी ऐकते, मग सांगते. हा क्रमच सगळे काही आहे.

पुस्तकाचा दोषही इथेच आहे. ही आई जिथे कमी बोलते तिथे ती मोठी होते. आणि गुरुजी तिला पुष्कळदा बोलायला लावतात. ती थांबली, तर सांगणारा मोठा श्याम प्रवचन सुरू करतो. पत्रावळीच्या प्रसंगाला एकाही सुभाषिताची गरज नव्हती. या उमाळ्यामुळे आईची शिस्त झाकली जाते आणि वाचकाच्या हाती नुसता गहिवर उरतो.

त्याच काळात भावनगरला गिजुभाई बधेका १९२० पासून आपले बालमंदिर चालवीत होते. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. भय आणि बक्षीस दोन्ही बाजूला ठेवून मुलाला वळण लागते, हे त्यांनी शाळेत करून दाखवले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतला मार आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरवले. घराच्या उंबरठ्याआत मात्र अजून शिंपटीचेच दाखले चालतात. आणि तेही याच पुस्तकातून!

त्यांना मी अळणी भाजीचे प्रकरण वाचायला सांगतो. आई मीठ घालायला विसरली आहे. वडील एक शब्द न बोलता भाजी खातात, आणि ते बोलत नाहीत म्हणून मुलेही मुकाट्याने खातात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. या प्रकरणात कोणी कोणाला शिस्त लावीत नाही. श्याम पानावर बसून फक्त वडिलांकडे पाहत असतो.