दिसण्यापुरती मराठी वेबसाइट

लॅपटॉपवर कुठलीही मराठी वेबसाइट उघडा, पानाचा सोर्स बघा आणि पहिल्या दोन-तीन ओळी वाचा. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये पानाची भाषा सांगायची असते. मराठीसाठी 'एमआर' ही दोन अक्षरं पुरतात. विरार-नालासोपाऱ्यातल्या छोट्या दुकानदारांपासून मुंबई-पुण्याच्या नावाजलेल्या संस्थांपर्यंत कितीतरी पानांवर तिथे 'ईएन' सापडतं, म्हणजे इंग्रजी. मजकूर वरपासून खालपर्यंत मराठी, पण पान आपली ओळख इंग्रजी म्हणून करून देतं. यामागे कुणाचा कट वगैरे नाही. वर्डप्रेस बसवताना साइटची भाषा निवडायची एक जागा असते, तिकडे कुणी फिरकलेलंच नसतं. ग्राहक विचारतो, 'मोबाइलवर दिसतंय ना?' आपण म्हणतो, 'हो.' बिल निघतं.

मीही याच धंद्यातला, वसई-विरार पट्ट्यात साइट बांधून पोट भरणारा. त्यामुळे पुढची टीका घरातली आहे. आपल्याकडे वेब बांधण्याची कला दिसण्याच्या एकाच कसोटीवर वाढली, असं माझं मत आहे. वेबची मानकं ज्यांची काळजी वाहतात त्यातल्या बहुतेक गोष्टी मात्र डोळ्यांना दिसतच नाहीत.

हीच कसोटी का झाली, हे समजण्यासारखं आहे. एके काळी पडद्यावर मराठी दिसणं हाच पराक्रम होता. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाली, तिच्या जिस्ट तंत्रज्ञानाने संगणकावर देवनागरी रुळवली, आणि १९९१ मध्ये इस्की हा भारतीय लिप्यांचा संकेत अधिकृत मानक झाला. पण छपाईच्या दुनियेने, आणि तिच्या मागोमाग वेबने, मानक सोडलं आणि फॉन्ट धरला. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा; रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले. फॉन्ट असला तर बातमी, नसला तर चिन्हांची भेळ. त्यावर तोडगा म्हणून डायनॅमिक फॉन्ट आले: इंटरनेट एक्सप्लोररसाठी एक फाइल, नेटस्केपसाठी दुसरी. बातमी दिसू लागली. पण तिच्यातला शब्द शोधता येत नव्हता आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की अर्थ गायब व्हायचा. त्या काळची कितीतरी मराठी पानं आज जुन्या प्रतींमध्ये सापडतात आणि वाचता येत नाहीत.

युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण ती सर्वसामान्य संगणकावर पोचली विंडोज २००० पासून. तिथला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी यांचा. कवी, सुलेखनकार, जाहिरातीच्या व्यवसायात मुरलेला हा माणूस लिपीचा अभ्यासक म्हणूनही मोठा होता. आजचे डिझायनर मंगलला नाकं मुरडतात. मुरडोत बापडे, युनिकोडमधल्या मराठी वेबचं पहिलं दशक त्याच फॉन्टने अंगावर झेललं.

त्याच काळात हौशी माणसांनी जे उभं केलं, ते मला व्यावसायिकांच्या कामापेक्षा सरस वाटतं. मायबोली १९९६ मध्ये सुरू झाली, मराठी विकिपीडिया २००३ मध्ये, मनोगत २००४ मध्ये, मिसळपाव २००७ मध्ये. मनोगताने तर शुद्धलेखन तपासणारा शुद्धिचिकित्सकही दिला होता. ही स्थळं देखणी नव्हती, पण तिथे मजकुराला मजकूर म्हणून वागवलं जाई. रचनेच्या दृष्टीने आजचं सगळ्यात शिस्तीचं मराठी पान कुठलं, असं विचारलंत तर मी विकिपीडियाचं नाव घेईन. भाषा जाहीर केलेली, मथळ्यांची उतरंड जागेवर, आणि जावास्क्रिप्ट बंद केली तरी लेख शाबूत. विकिपीडियाचं पान दाखवून मात्र कुठलंही कंत्राट मिळणार नाही.

कंत्राटं कशावर मिळतात, ते सांगतो; त्यासाठी आधी आमचा पट्टा पाहावा लागेल. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि आसपासची गावं एकत्र करून झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. वसईच्या विद्यावर्धिनी आणि विरारच्या विवासारख्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून दरवर्षी मुलं बाहेर पडतात. बरीचशी सकाळची लोकल पकडून अंधेरी-गोरेगावच्या ऑफिसांत जातात. जी इथेच राहतात त्यांच्याकडे वालीवचे छोटे कारखानदार येतात, अर्नाळा-राजोडीचे रिसॉर्टवाले, केटरर, क्लासवाले, इस्टेट एजंट येतात. पाच पानांची साइट, विकत घेतलेली थीम, वर फिरता स्लायडर, खाली व्हॉट्सॲपचं हिरवं बटन. काम लवकर हवं, पैसे हप्त्याने. या हिशेबात पेज बिल्डर वापरणाऱ्याला मी दोष देणार नाही. दोष आहे तो साइट पाहण्याच्या पद्धतीत: ऑफिसच्या वायफायवर, मोठ्या स्क्रीनवर, फक्त क्रोममध्ये. एचटीटीपी आर्काइव्हच्या मोजणीनुसार मोबाइलवरच्या मध्यम पानाचं वजन आता दोन एमबीच्या वर गेलं आहे. ते पान उघडणारा मात्र विरार फास्टच्या दारात एका हाताने दांडी धरून उभा असतो.

आता दिसण्याच्याच कसोटीवर आपण उतरतो का, तेही पाहू. बहुतेक थीम रोमन लिपीसाठी बेतलेल्या. तिथे मथळ्याच्या दोन ओळींत जे अंतर शोभतं, त्यात देवनागरीचे रफार, वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात किंवा चक्क कापले जातात. इंग्रजी मथळ्याला मोकळं रूप द्यायला अक्षरांमध्ये जागा सोडतात. तीच सेटिंग मराठीवर लागली की शिरोरेषा ठिकठिकाणी तुटते. देवनागरीत तिरक्या अक्षरांची परंपरा नाही, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरालाच धक्का देऊन तिरकं पाडतो. हे सगळं सीएसएसच्या चार ओळींत सुधारता येतं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने भारतीय लिप्यांच्या मांडणीच्या गरजा नोंदवणारा एक दस्तऐवजही तयार केला आहे. तो वाचलेला सहकारी मला अजून भेटायचा आहे.

सगळ्यात गमतीची गोष्ट ल आणि श यांची. नोव्हेंबर २००९ मध्ये राज्य शासनाने वर्णमालेबाबत निर्णय काढून मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले. गूगलच्या नोटो देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात. मराठी वळण केव्हा उमटतं? पानाने 'माझी भाषा एमआर' असं सांगितलं तर. म्हणजे ज्या ओळीला आपण न दिसणारी म्हणून सोडून दिलं, तिच्यावाचून साइटचं दिसणंही हिंदी राहतं. 'आमचा ल असा का दिसतो?' असं एखादे निवृत्त शिक्षक विचारतात, तेव्हा डेव्हलपर नवा फॉन्ट शोधायला लागतो.

त्याच ओळीवर अंध वाचकाचं सगळंच अवलंबून असतं. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर पानाची जाहीर केलेली भाषा पाहून आवाज बदलू शकतो. पान इंग्रजी म्हणवून घेत असेल तर इंग्रजी आवाज मराठी मजकुराशी झटापट करत बसतो. त्यात भर म्हणजे आपली जाहीर सूचना चित्रात असते: कार्यक्रमपत्रिका, भरतीची जाहिरात, पाणीपुरवठ्याची वेळ, सगळं जेपीजी. नाहीतर स्कॅन केलेली पीडीएफ. सरकारी साइटसाठी २००९ पासून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. याचा परिणाम म्हणून अनेक साइटच्या डोक्यावर अक्षर लहान-मोठं करायची बटनं दिसतात. खाली तोच जेपीजी असतो आणि ही बटनं त्याचं काही वाकडं करू शकत नाहीत. हा रोग फक्त आपला नाही. वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं तपासते आणि २०२५ मध्येही सुमारे ९५ टक्के पानांवर तिला सुगम्यतेच्या चुका सापडल्या.

फॉर्म हा वेगळाच प्रांत. वसईत डिसोझा, डिमेलो, डिब्रिटो ही आडनावं इंग्रजीत अनेकजण डी-नंतर अपॉस्ट्रॉफी देऊन लिहितात. कितीतरी फॉर्म ती खूण नाकारतात आणि 'योग्य नाव भरा' असं त्या माणसालाच सुनावतात. मूळ कारण असं की ती खूण डेटाबेसच्या आज्ञेत घुसून घोटाळा करू शकते, ही भीती. तिच्यावरचा उपाय, म्हणजे आज्ञा आणि माहिती वेगवेगळी पाठवणं, फार जुना आणि सोपा आहे; पण नाव नाकारणं त्याहून सोपं.

इथे मानकांचीही बाजू घेता येत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये '.भारत' हे देवनागरी डोमेन सुरू झालं, त्यात मराठीही होती. पण ई-मेलचा पत्ता तपासण्यासाठी एचटीएमएलच्या मानकाने जो नियम दिला, त्यात ॲट चिन्हाच्या आधीचा भाग रोमन अक्षरांपुरताच होता. जोडाक्षर हे वाचकाच्या लेखी एक अक्षर असतं, ही गोष्ट युनिकोडच्या अक्षर मोडण्याच्या नियमांत शिरायला २०२३ साल उजाडलं. तोवर 'क्ष' एक अक्षर मानायचं की दोन, हे ज्याच्या त्याच्या प्रोग्रामवर होतं. मानकं आकाशातून पडत नाहीत. जे बैठकीला बसतात त्यांच्या लिप्यांची सोय आधी होते.

तरीही आज एक सबब उरलेली नाही. आमच्या आधीची पिढी इंटरनेट एक्सप्लोररच्या नावाने बोटं मोडायची, आणि ते रास्त होतं. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी यांच्यात सीएसएस ग्रिड एकाच महिन्यात आलं. १५ जून २०२२ ला एक्सप्लोरर निवृत्त झाला. आता ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला दरवर्षी ठरवून आपल्या ब्राउझरांमधले फरक मिटवतात. ब्राउझर इतके एकमताने कधीच चालले नव्हते. आणि नेमक्या याच काळात आम्ही 'बटन'चा टॅग विसरून 'डिव्ह'ला क्लिक लावतोय, मग कीबोर्डवाल्याला ते बटन सापडतच नाही. एआय साधनांनी लिहिलेला कोडही बघतो. सूचना मराठीत द्या, मजकूर मराठीत मागा, तरी पहिल्या ओळीत पुष्कळदा 'ईएन' येतं. ज्या पानांवरून ही साधनं शिकली ती आपणच बांधलेली आहेत.

वसईत याच्याही पुढचा एक प्रश्न आहे. इथली सामवेदी बोली, म्हणजे कादोडी, कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण अशा दोन्ही घरांत बोलली जाते. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतात तिला 'एसएमव्ही' अशी स्वतःची खूण आहे, पालघरच्या वारलीला 'व्हीएव्ही'. म्हणजे मानकाने इथल्या बोलींना जागा करून ठेवली आहे. मला दिसणारी कादोडी मात्र बहुतेक व्हिडिओंत असते किंवा व्हॉट्सॲपवर रोमन अक्षरांत. पूर्ण कादोडीतलं, तीच खूण लावलेलं पान बांधायचं मनात आहे. तिथली पहिली अडचण कोडिंगची नाहीच. ऱ्हस्व-दीर्घ मराठीच्या नियमाने ठेवायचं की कानाला जसं ऐकू येतं तसं, मराठीत नसलेले उच्चार कुठल्या अक्षराने दाखवायचे, गिरीज गावचा उच्चार धरायचा की निर्मळ गावचा, हे ती बोलणाऱ्यांनी बसून ठरवावं लागेल. टेम्पलेट त्यानंतर.