मामांची दारूची वही

सामना संपला की बहुतेक नेमबाज पिस्तूल पेटीत ठेवून कॉफीच्या रांगेत उभे राहतात. आमचे मामा तेव्हा खाली वाकतात. गवतात, काँक्रीटच्या फटीत उडून पडलेली एकेक पितळी नळी उचलायची, तोंडाशी चीर गेलीय का ते अंगठ्याने चाचपायचं आणि कापडी पिशवीत टाकायची. मी भंडाऱ्याची, भांड्यांच्या ठोक्यात वाढलेली. पितळ असं मातीत पडलेलं आमच्याकडे कुणालाच बघवत नाही.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत, इथल्या अख्ख्या मराठी मंडळाचे मामा. मूळचे आंबागडचे. तुमसरहून सातपुड्याच्या अंगाला गेलं की लागणारं हे गाव. वरच्या टेकडीवर गोंड राजा बख्त बुलंदच्या काळात, सतराशेच्या सुमारास, राजाखान पठाणाने बांधलेला किल्ला आहे. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. मामांचं बालपण त्या तटाखाली गेलं. अमेरिकेत आल्याला त्यांना चाळीस वर्षं होतील. ओहायोतल्या त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा कमी आणि एका लाकडी टेबलाला जास्त आहे. यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘परदेशात जपलेली कला’ हा विषय आला, तेव्हा ढोल-ताशा, भजनी मंडळ, रांगोळी यांवर लिहायला पुष्कळ जण पुढे आले. मला ते टेबल आठवलं. तिथे मामा काडतुसं हाताने भरतात.

काडतुसात चार वस्तू असतात: पितळेचं कवच, त्याच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी खर्ची पडतात. पितळ उरतं. ते पुसून, पुन्हा मापात दाबून, नवी टोपी बसवून परत भरता येतं. (.२२ च्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, म्हणून ते असं भरत नाहीत.) आपल्या देशात काडतूस तयार करायला परवाना लागतो, तिथे हे घरी करायचं काम नव्हे. पुण्याच्या खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि आमच्या जिल्ह्यात, जवाहरनगरला, १९६४ साली आयुधनिर्माणी उभी राहिली. तिथे दारू आणि स्फोटकं तयार होतात. २४ जानेवारी २०२५ ला तिथे स्फोट होऊन कामगार गेले. ती बातमी आली त्या आठवड्यात मामांनी टेबलावरचं फडकं काढलं नाही. ज्यांच्या गावाकडचे हात दारूत काम करतात, त्यांना दारूचं भय वेगळं शिकवावं लागत नाही.

इथे अमेरिकेत मात्र घरी काडतूस भरण्याची परंपरा जुनी आहे आणि नेमबाजीशी बांधलेली आहे. एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी इथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने होतात. पिस्तुलाच्या जुन्या स्पर्धेत एका हाताने, उभं राहून, पन्नास यार्डांवर, म्हणजे सुमारे सेहेचाळीस मीटरवर, मारायचं असतं. दहा गुणांचं वर्तुळ पुरीएवढं, आणि त्याच्या आतलं, बरोबरी फोडणारं, पेढ्याएवढं. त्या पेढ्यासाठी मामा दारू निवडतात.

मला आधी वाटायचं की चांगली दारू म्हणजे जोरदार दारू. मामांनी माझी ती समजूत पहिल्याच दिवशी काढून टाकली. “मोठा बार नाही पायजे, बाई. एकसारका पायजे,” असं ते म्हणाले. त्यांच्या .४५ पिस्तुलाची नळी पाच इंचांची. एवढ्याशा लांबीत गोळी बाहेर पडायच्या आत दारू जळून संपायला हवी. मंद जळणारी दारू रायफलच्या लांब नळीत शोभते. आखूड नळीत ती उरलेली आग तोंडाबाहेर फेकते, न जळलेले कण मागे सोडते आणि एका बाराचा दुसऱ्याशी मेळ राहत नाही. म्हणून नेमाच्या पिस्तुलाला जलद जळणारी दारू लागते, आणि तीही थोडी. थोडी किती, तर पुस्तकात छापलेल्या मापाच्या आत, धक्का कमी बसेल पण पिस्तुलाचा वरचा भाग पूर्ण मागे जाऊन पुढचं काडतूस घेईल इतकी. धक्का आणखी कमी करायचा म्हणून दारू घटवत गेलं तर पिस्तूल मध्येच अडकतं.

हे माप ग्रेनमध्ये असतं. सात हजार ग्रेनचा एक पौंड होतो. मामांची मात्रा चार ग्रेनच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन गुंजा. सोनाराच्या तराजूशिवाय मोजता न येणारी गोष्ट टेबलावरच्या यंत्राने शेकडो वेळा तशीच पडायला हवी, आणि ते यंत्र वजनाने मोजत नाही, आकारमानाने मोजतं. इथे दाण्याची जात आड येते. काही दारू चपट्या पापुद्र्यांची, काही बारीक गोलसर दाण्यांची, काही शेवेसारखी दाबून काढलेली, इवल्या नळ्यांची. गोल दाणा यंत्रातून पाण्यासारखा उतरतो. मोठा पापुद्रा मापाच्या भोकात आडवा बसतो आणि मात्रा कधी जरा भरते, कधी जरा रिकामी राहते. १९०० साली निघालेली ‘युनिक’ ही दारू आजही मिळते, अनेक कामांना चालते, पण थोड्या मात्रेत तिचे पापुद्रे मामांना आवडत नाहीत. १८९८ ची ‘बुल्सआय’ मात्र त्यांच्या फळीवर कायम असते. पापुद्रा तिचाही, पण बारीक. सव्वाशे वर्षं पन्नास यार्डांवर टिकलेली दारू मामा सहजासहजी बदलत नाहीत. शेजारी फिनलंडची ‘एन ३१०’ असते. ती महाग, पण मामांच्या मते तिच्या मात्रेत घासाघीस नाही.

एकदा मी त्यांच्याबरोबर रात्री बसले होते. मामा यंत्राचा दांडा वर घेतात, वरच्या टोकाला थांबतात, खाली आणताना एकच हलका ठोका देतात. प्रत्येक वेळी तोच ठोका. पहिल्या पाचेक मात्रा ते परत वरच्या भांड्यात ओततात, दाणे बसले की मग दहा मात्रा एकापाठोपाठ तराजूवर ठेवतात आणि वहीत मांडतात. मराठी आकडे, शाईचं पेन. त्या दहा आकड्यांत फरक जास्त दिसला तर त्या दारूचा त्या रात्रीपुरता निकाल लागला.

मग पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात भरलेली पितळं उभी करून मामा विजेरी लावतात आणि वाकून पन्नासही तोंडांत पाहतात. त्या रात्री तिसऱ्या ओळीतलं एक तोंड काळं दिसलं. त्यात दारू पडलीच नव्हती. ते तसंच बंद झालं असतं तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यात अडकली असती. त्याला आपण फुसका बार म्हणून सोडून देतो, पण मागून दुसरी गोळी आली की नळी फुटते. उलट चूकही तितकीच वाईट. जलद दारूची मात्रा एवढी लहान असते की .४५ च्या पितळात दुप्पट पडली तरी वर येत नाही, डोळा फसतो. म्हणून नव्याने शिकणाऱ्याच्या हाती मामा आपली आवडती दारू देत नाहीत. त्याला ते फुगीर दारू देतात, जिची दुहेरी मात्रा पितळाबाहेर सांडते. नेमात ती पाव इंच मागे पडली तरी चालेल, असं त्यांचं मत. मला ही निवड त्यांच्या सगळ्या पदकांपेक्षा मोठी वाटते.

गोळीचा वेग मोजायचं यंत्र मामांकडे आहे. आकडे जवळजवळ आले की नवशिका खूश होतो. मामा होत नाहीत, कारण सारख्या वेगाच्या गोळ्या पन्नास यार्डांवर जवळजवळ पडतीलच असं नाही. ते पिस्तूल टेकणीत घट्ट बसवतात, म्हणजे हाताचा दोष बाजूला राहतो, आणि प्रत्येक दारूच्या दहा-दहा गोळ्या मारतात. पाच मारल्या तर नशीबही साथ देऊन जातं, असा त्यांचा अनुभव. चांगला निघालेला कागद ते लगेच खरा मानत नाहीत. जुलैत पाहिलेली दारू नोव्हेंबरच्या गारठ्यात पुन्हा तपासतात, कारण थंडीने दारूचा जोर बदलतो, कुणाचा कमी, कुणाचा जास्त. त्यांच्या जुन्या वहीत अशा एका दारूपुढे, तीन ऋतूंच्या नोंदींखाली, एकच शब्द लिहिलाय: ‘नाही’.

साठवणीचे त्यांचे नियम ऐकताना मला रामचंद्रपंत अमात्यांचं मराठेशाहीतलं ‘आज्ञापत्र’ आठवतं. दारूखाना घराजवळ नको, दारूला सर्द लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने ती बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी, असं पंतांनी गडकऱ्यांना बजावलं आहे. ती काळी दारू होती, ठासणीच्या बंदुकांची. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजची बिनधुराची दारू केली आणि काळजीची तऱ्हा पालटली. या दारूला ऊन चालत नाही. उष्णतेने ती आतून विघटत जाते, आंबट वास येतो, तांबूस वाफ दिसते. मामा ती मूळ डब्यातच, गार आणि कोरड्या जागी ठेवतात, आणि टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा असतो. काम संपलं की यंत्रातली दारू त्याच डब्यात परत. दोन दारू एकदा मिसळल्या की त्या ओळखायला कुणी वैद नाही, असं ते म्हणतात.

इथली तरुण मंडळी आता तयार काडतुसांचा खोका विकत आणतात, त्यात वावगं काही नाही. पण गेल्या वर्षी मंडळातल्या तिघांनी मामांकडे शनिवारी यायला सुरुवात केली, त्यात एक मुलगी आहे. तिचं शिक्षण पितळ निवडण्यापासून सुरू झालं आणि दोन महिने तिथेच राहिलं. वारंवार दाबलेलं पितळ कडक होतं, तोंडाशी तडकतं. ती आता हाताला येणारा बारीक खरखरीतपणा ओळखते.

मागच्या शनिवारी मी गेले तेव्हा ‘बुल्सआय’चा जुना डबा संपला होता. नवा आणलेला, नाव तेच, रंग तोच, पण तळाशी खेपेचा क्रमांक वेगळा. मला वाटलं, आता भरायला घेतील. मामांनी यंत्राचं जुनं माप सैल केलं, खालून सुरुवात करायची म्हणून आकडा उतरवला, वहीचं कोरं पान काढून वर तारीख आणि खेपेचा क्रमांक लिहिला. मग त्या मुलीकडे न बघताच हात पुढे केला. तिने विजेरी आधीच काढून ठेवली होती.